खांद्याला विचारून घ्यायची बॅग

कॅमेऱ्याची बॅग घ्यायची म्हटलं की माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात जातो. तिथे बॅगा ओळीनं टांगलेल्या असतात, आत कागदाचे बोळे कोंबून फुगवलेल्या. सगळ्याच भरदार, सगळ्याच रुबाबदार. त्यांत डावं-उजवं करायचं कसं? चंडीगडकडे राहणाऱ्यानं त्या दुकानात शिरण्याआधी मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात एक फेरी मारावी, असं मी सुचवेन.

मनीमाजरा चंडीगडहून कितीतरी जुनं. एका छोट्या शीख संस्थानाचं हे ठाणं. इथल्या राजा गोपालसिंहानं १८११ ते १८१५ या काळात बांधलेलं मनसादेवीचं देऊळ आज हद्दीपलीकडे, हरियाणातल्या पंचकुल्यात आहे. पुढे शेजारी वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचं आखीव शहर उभं राहिलं. त्या शहराला १३ आकड्याचं वावडं. सेक्टर १२ नंतर एकदम १४. तो रिकामा राहिलेला आकडा २०२० मध्ये प्रशासनानं मनीमाजऱ्याच्या गळ्यात घातला. कागदावर सेक्टर १३ झालं, तरी रिक्षावाल्याला सांगताना लोक मनीमाजराच म्हणतात.

इथलं मोटर मार्केट गाड्या सजवण्या-दुरुस्तीसाठी आसपासच्या शहरांत माहीत आहे. सीट कव्हर शिवणाऱ्याच्या दुकानापुढे पाच मिनिटं उभं राहिलं, की कॅमेऱ्याच्या बॅगेत जे काही असतं ते सुटं सुटं दिसतं. रेग्झिनचे गुंडाळे, फोमच्या लाद्या, नायलॉनच्या विणलेल्या पट्ट्या, मीटरवर विकली जाणारी चेन आणि तिचे वेगळे मिळणारे रनर, जाड दोरा, आणि चार थर एकदम शिवणारं दणकट मशीन. बॅगवाला हेच सामान वापरतो. फरक इतकाच, की बॅग शिवून झाल्यावर ते अस्तराआड जातं आणि आपण वरच्या नावाकडे बघून पैसे मोजतो.

सामानाकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करू. खांद्यावरची बॅग कॅमेरा ठेवण्यासाठी नसते, काढण्यासाठी असते. नुसता ठेवायचाच असेल तर घरातलं कपाट उत्तम. दिवसभर डोंगर चढायचा असेल तर पाठीवरची सॅक बरी, कारण तिचं वजन दोन्ही खांद्यांवर आणि कमरेवर वाटलं जातं. पण सॅकमधून लेन्स काढायची तर ती उतरवा, जमीन कोरडी आहे का बघा, वाका, चेन उघडा. तोवर समोरचा प्रसंग संपतो. लग्न, मिरवणूक, सभा, जत्रा, बाजार ही खांद्यावरच्या बॅगेची ठिकाणं. उभ्या उभ्या, खाली न बघता हात आत जाऊन हवी ती वस्तू घेऊन बाहेर आला पाहिजे. एवढं ज्या बॅगेत होत नाही, तिला बाकी कितीही खण असोत, ती कामाची नाही.

ही समज मुळात कॅमेऱ्याच्या बॅगा बनवणाऱ्यांकडून आलेली नाही. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅम नावाच्या कंपनीनं १९७३ मध्ये धंदा सुरू केला तो गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठीच्या पिशव्यांचा. पाण्याकाठी ओल्या गवतावर टेकवायच्या म्हणून त्या जाड कॅनव्हासच्या आणि आत पाणी न शिरू देणाऱ्या. काही वर्षांनी कंपनीला पत्ता लागला, की न्यूयॉर्कचे छायाचित्रकार याच पिशव्यांत कॅमेरे घालून फिरतायत. तेव्हा कुठे कॅमेऱ्याच्या बॅगा म्हणून त्या शिवायला सुरुवात झाली. त्याच दशकात अमेरिकेत ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’चा छायाचित्रकार जिम डोमकी यानं स्वतःच्या कामासाठी कॅनव्हासची एक मऊ पिशवी बनवली. त्या वेळच्या बॅगा म्हणजे कडक पेट्या होत्या. डोमकीनं फोम जवळजवळ काढूनच टाकला, बॅग अंगाला बिलगेल इतकी लवचीक ठेवली, आणि खांद्यावरून घसरू नये म्हणून पट्ट्याच्या विणीत रबराचे धागे घातले. बातमीदारीतल्या लोकांनी ती उचलून धरली. पेटीऐवजी पिशवी हा विचार तिथून रुळला.

आपल्याकडे तर बॅगेचे चोचले परवडण्याआधीच मोठी कामं झाली. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि साडी नेसून, सामान अंगावर घेऊन, सायकलवरून दिल्लीभर फिरल्या. त्यांच्याकडच्या कॅमेऱ्यांत स्पीड ग्राफिक होता. त्याच्या एका होल्डरमध्ये फिल्मचे दोनच कागद बसतात. म्हणजे दहा फोटो काढायचे तर पाच होल्डर, शिवाय फ्लॅशचे एकदाच पेटणारे बल्ब. आज अंगठ्याच्या नखाएवढ्या कार्डावर हजारो फोटो मावतात, तरी आपली बॅग त्यांच्या सामानाहून जड असू शकते. दोष तंत्रज्ञानाचा नाही. ‘असू दे, लागली तर’ यातल्या स्वल्पविरामाचा आहे.

तेव्हा पहिलं काम वजनाचं. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि खरोखर मोजा. निकॉनचा डी ८५० बॅटरी-कार्डासह १००५ ग्रॅम. त्याची २४-७० एफ २.८ व्हीआर लेन्स १०७० ग्रॅम. ७०-२०० एफ २.८ ची शेवटची आवृत्ती १४३० ग्रॅम. झाले साडेतीन किलो. फ्लॅश, त्याचे सेल, जादा बॅटरी, पाण्याची बाटली आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरलं की आकडा साडेपाच-सहाकडे जातो. हे सगळं एका खांद्यावर. दुसरीकडे सोनीचा ए ७ मार्क ४ हा ६५८ ग्रॅमचा आणि त्यावरची २४-१०५ एफ ४ लेन्स ६६३ ग्रॅमची. दोन्ही मिळून १३२१ ग्रॅम. एवढंच घेऊन फिरणारा माणूस दिवसभर हसतमुख राहतो.

एका खांद्यावर ओझं आलं की पट्टा घसरू नये म्हणून तो खांदा आपोआप थोडा उचललेला राहतो. आपल्याला कळतही नाही. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू तासन् तास ताणलेला राहतो आणि संध्याकाळी मान अवघडते. पट्टा डोक्यातून आडवा घातला तर बॅग घसरत नाही, म्हणून खांदा उचलावा लागत नाही. पण वजन तरीही एकाच बाजूला असतं. माझं मत विचाराल तर सामानासकट चार किलोच्या वर जाणारी बॅग अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ खांद्यावर घेऊ नये. त्याहून जास्त न्यायचं असेल तर सॅक घ्या, किंवा एक लेन्स घरी ठेवा. लेन्स घरी ठेवणं स्वस्त पडतं.

दुसरं काम मापाचं, आणि इथे बहुतेक जण फसतात. लोक बॅगेची लांबी बघतात, खोली बघतात, आणि जाडी विसरतात. एक साधी बॅग धरू: आतून ३० सेंटिमीटर लांब, १४ रुंद, २० खोल. पाहताना ऐसपैस वाटते. तिच्या चारी बाजूंना आणि तळाला १० मिलिमीटरचा फोम घातला की उरते २८ बाय १२ बाय १९ ची जागा. आता डी ८५० लेन्स खाली करून उभा ठेवायचा आहे, कारण पटकन काढायला तीच पद्धत बरी: हात घातला की थेट पकड हाताशी येते. या स्थितीत कॅमेऱ्याची १४६ मिलिमीटरची रुंदी बॅगेच्या लांबीत जाते. पण त्याची उंची आहे १२४ मिलिमीटर, आणि ती बॅगेच्या जाडीत बसायला हवी. आपल्याकडे आहेत १२०. चार मिलिमीटरसाठी गाडं अडलं. शिवाय २४-७० लेन्स एकटीच साडेपंधरा सेंटिमीटर लांब आहे. कॅमेऱ्याला जोडली की वीसच्या पुढे जाते आणि झाकण लागत नाही. तीच बॅग सोनीवाल्याला चालते. त्याच्या कॅमेऱ्याची उंची ९६ मिलिमीटर आणि लेन्सची लांबी ११३. जोडलेला कॅमेरा तळाच्या फोमपासून झाकणापर्यंत जेमतेम, पण बसतो.

म्हणून दुकानात जाताना कॅमेरा नेहमीची लेन्स लावून, हूड उलटा बसवून, बरोबर न्यावा. दुकानदाराला मुळीच राग येत नाही. बॅगेच्या चिठ्ठीवर ‘एक कॅमेरा, तीन लेन्स, एक फ्लॅश’ असं लिहिलेलं असतं, त्यातला कॅमेरा छापणाऱ्याच्या मनातला असतो, आपल्या हातातला नव्हे.

आता सामान. फोमचे ढोबळ दोन प्रकार. एक गादीत असतो तो, उघड्या छिद्रांचा, स्पंजासारखा. तो मऊ लागतो, हाताला सुखावतो, पाणी पितो आणि काही महिन्यांत बसतो. दुसरा बंद छिद्रांचा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो त्या जातीचा, किंवा त्याहून चिवट ईव्हीए. तो पाणी शोषत नाही आणि दाबला की परत वर येतो. सीट कव्हरवाला बैठकीसाठी पहिला निवडतो, कारण त्याला आराम विकायचा आहे. कॅमेऱ्याला आराम नको, धक्का अडवायला हवा. दुकानात बॅगेतला एक कप्पा-पडदा बाहेर काढा आणि अंगठा व तर्जनी यांच्यात चिमटून बघा. दोन्ही बोटं जवळजवळ एकमेकांना भेटली तर आत गादीचा फोम आहे. बोटांमध्ये काहीतरी ठाम उरलं आणि सोडताच पडदा पूर्ववत झाला, तर ठीक. तसंच तळ दाबून बघा. बॅग आपटते ती तळावर, बाजूंवर फारशी नाही. पण दुकानात बाजू फुगीर दिसतात, म्हणून काही बनवणारे फोम तिकडे खर्च करतात.

कापडाच्या बाबतीत चिठ्ठीवर ‘१००० डी’, ‘१६८० डी’ असं दिसतं. हा डी म्हणजे डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. कापड चांगलंच असेल असं नाही. धागा नायलॉनचा की पॉलिस्टरचा आणि वीण किती घट्ट, हे त्या आकड्यात येत नाही. सारख्याच जाडीत घासण्याला नायलॉन जास्त टिकतं, उन्हात रंग पॉलिस्टर जास्त धरून ठेवतं. मनीमाजऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे मे-जूनमध्ये पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि धुळीची वादळं येतात, तिथे मी गडद काळ्यापेक्षा खाकी किंवा राखाडी रंग घेईन. काळी बॅग उन्हात तापते आणि तिच्यावर धूळ उठून दिसते. शिवाय खाकी पिशवीत कोणाला कॅमेरा दिसत नाही, डबा दिसतो.

रेग्झिनच्या आणि ‘लेदरसारख्या’ बॅगांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण लग्नाचे फोटो काढणाऱ्या नव्या मुलांना त्यांचा फार मोह. कापडावर प्लास्टिकचा थर चढवला की रेग्झिन. तो थर पीव्हीसीचा असेल तर थंडीत ताठरतो आणि घडीवर चिरतो. पंजाबकडच्या जानेवारीत हे होतं. तो पॉलियुरेथेनचा असेल तर हात लावायला छान, मऊ, पण हवेतलं बाष्प काही वर्षांत त्याच्या रेणूंची साखळी तोडतं. आधी तो चिकट होतो, मग पापुद्रे निघतात. रत्नागिरी-मालवणकडे हे लवकर होतं, कोरड्या भागात उशिरा. नायलॉनच्या चांगल्या बॅगांतही आतल्या बाजूला असाच थर असतो, पाणी अडवण्यासाठी. म्हणून जुनी बॅग घेताना आतून बोट फिरवावं आणि वास घ्यावा. चिकट लागली, आंबूस वास आला, तर फुकटातही घेऊ नये.

चेनच्या बाबतीत मोटर मार्केटातला कोणीही कारागीर तुम्हाला सांगेल, की दात क्वचित मरतात, रनर मरतो. रनरची पकड सैल झाली की चेन मागून उघडत जाते. चेनचा नंबर, म्हणजे ५, ८, १०, हा बंद दातांच्या रुंदीचा मिलिमीटरमधला अंदाज असतो. मुख्य झाकणाला ५ पेक्षा बारीक चेन नको. ८ असेल तर निश्चिंती. रनरच्या पाठीवर जपानी वायकेकेची अक्षरं असली तर बरं, पण ती अक्षरं उठवणारे साचेही बाजारात आहेत. त्यापेक्षा एका हातानं चेन वळणावरून पळवून बघा. वळणावर अडखळली तर ती आज ना उद्या तिथेच फाटणार. वरून रबरी थर दिलेली चेन सर थोपवते, मुसळधार नाही.

आणि पट्टा. बॅग फाटते ती पट्टा जिथे अंगाला शिवलेला असतो तिथे. त्या जागी शिलाईची चौकट आणि आत फुली हवी, आणि पट्टीचं टोक दोन थरांच्या मधे गेलेलं हवं, नुसतं वर ठेवून टाके घातलेले नकोत. कडी धातूची असावी, आणि ती वाकवलेल्या तारेची असेल तर सांधा डाग देऊन बंद केलेला असावा. उघडा सांधा वजनानं हळूहळू फाकतो. पट्टी निदान ३८ मिलिमीटर रुंद, जड सामान असेल तर ५०. खांद्यावरची जाड गादी दिसायला मोहक असते, पण ती पट्ट्यावर सरकती असेल तर चालताना नेहमी खांद्याच्या मागे जाऊन बसते. त्यापेक्षा रुंद, खरखरीत, गादी नसलेला पट्टा मला जास्त भरवशाचा वाटतो.

हे सगळं ठीक असलेल्या दोन बॅगांत निवड करायची तर झाकण कुठे उघडतं ते बघावं. काहींचं झाकण अंगाकडच्या बाजूला जोडलेलं असतं. उघडलं की ते पोटावर येतं आणि हात व लेन्स यांच्यामधे पडतं. काहींचं बाहेरच्या बाजूला जोडलेलं असतं, ते उघडून समोर पडतं आणि आत थेट नजर जाते. दुसऱ्या प्रकाराचा आणखी एक फायदा गर्दीत कळतो. उघडणारी कड आपल्या पोटाकडे असते, त्यामुळे परक्या हाताला तिथवर पोचणं अवघड. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रात मनसादेवीच्या जत्रेला जी रांग लागते, तिच्यात माणूस पुढे ढकलला जातो, स्वतः चालत नाही. तिथे बॅग पोटावर आणायची, आणि झाकण कुठे जोडलंय याला महत्त्व येतं.

वेल्क्रोचा मात्र विचार करून सौदा करा. एका हातानं उघडतं, लागतंही आपोआप, पण आवाज! कीर्तनात, गुरुद्वाऱ्यात, मंगलाष्टकं संपल्यानंतरच्या त्या क्षणभराच्या शांततेत वेल्क्रो उघडलं की नवरा-नवरीसकट सगळे तुमच्याकडे बघतात. काही बॅगांत वेल्क्रोवर उलटी टाकायची पट्टी येते, ती आहे का विचारा. नसेल तर शिंप्याकडून बसवून घेता येते.

आता तळाचं. मनीमाजऱ्याहून कालका तासाभराच्या आत येतं. तिथून सिमल्याला जाणारी ७६२ मिलिमीटर अंतरावरच्या रुळांची छोटी गाडी २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या ९६ किलोमीटरमध्ये शंभराच्या वर बोगदे. डब्यात सॅक घेऊन गेलात तर ती पायाशी किंवा वर जाते आणि मग बोगदा संपून दरी उघडते तेव्हा तुम्ही शोधत बसता. खांद्यावरची बॅग मांडीवर राहते, तळ सपाट असेल तर टेबलासारखी. तळ गोलसर असेल तर लवंडते. सपाट तळाचं महत्त्व आमच्या वारीवाल्या छायाचित्रकारांना वेगळं सांगावं लागत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात ते जमिनीवर बसलेले असतात, बॅग शेजारी चिखलात. तळाला छोटे रबरी पाय किंवा निदान जाड थर दिलेला असेल तर चिखल बाहेर राहतो. आषाढात बॅगेतच रेनकव्हर हवं, आणि ते दोरीनं बॅगेला बांधलेलं हवं, नाहीतर दिवेघाटातल्या वाऱ्यावर ते तुमच्याआधी सासवडला पोचतं.

स्कूटरवाल्यांसाठी एक सूचना. आडव्या पट्ट्याची बॅग वळणावर पोटाकडे झोका घेते. तिला कमरेभोवतीची एक बारीक पट्टी हवी. बऱ्याच बॅगांत ती नसते, पण दोन छोटे लूप आणि एक बकल बसवणं हे सीट कव्हर शिवणाऱ्याला अगदी किरकोळ काम.

किंबहुना त्याच्याकडून याहून मोठं काम करून घ्यावं. घरात एखादी चांगली खादीची, कॅनव्हासची किंवा ऑफिसची पिशवी असतेच. तिच्या आतली मापं घेऊन एक सुटा फोमचा खोका शिवून घेतला की कॅमेऱ्याची बॅग तयार, आणि खोका काढला की पिशवी पुन्हा भाजीला मोकळी. माप सांगताना बाहेरचं सांगायचं, पिशवीच्या आतल्या मापाहून प्रत्येक दिशेनं अर्धा सेंटिमीटर कमी, म्हणजे खोका घालता-काढता येतो. फोम बंद छिद्रांचा, तळाला १५ मिलिमीटर, बाजूंना १०. तो कारागीर सवयीनं मऊ फोम उचलेल, त्याला थांबवायचं. आतून अस्तर लूपवालं हवं, म्हणजे वेल्क्रो लावलेले पडदे हवे तिथे चिकटतात. ते अस्तर कारागिराकडे नसलं तर पडदे कायमचे शिवून घ्या. तुमचं सामान ठरलेलं असेल तर काही बिघडत नाही. शिवणीची जाड बाजू बाहेर ठेवायला सांगा, कारण आतला टणक काठ लेन्सच्या नळीवर घासतो.

विमानानं जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासात हातातल्या सामानाला साधारण ७ किलोची मर्यादा असते. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या जवळच ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप खाली असतात, त्यामुळे अडवत नाहीत. टोकांना टेप लावून किंवा डबीत घालून मात्र न्याव्यात. त्यांच्यासाठी बाहेरून उघडणारा एक छोटा कप्पा असला तर तपासणीच्या रांगेत सगळी बॅग उलटीपालटी होत नाही.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत राहू देऊ नये. फोम आणि अस्तर दिवसभरचा घाम आणि दमट हवा धरून ठेवतात, आणि ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत लेन्सच्या काचेवर बुरशी जाळं धरते. चामड्याच्या बॅगेत ही भीती जास्त, कारण चामडं हेच बुरशीचं खाणं. चंडीगडकडे मेमध्ये हवा कोरडी ठाक असते आणि जुलैत एकदम दमट होते, त्यामुळे तिकडचे लोक पहिल्या पावसाला गाफील राहतात. कोकणातल्यांना ती सवलतही नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा आत ठेवला, आणि तो ४० ते ५० च्या मधे राहील एवढ्या पुड्या घातल्या, की काम भागतं. पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरायच्या. बॅग रिकामी करून, झाकण उघडं ठेवून, पंख्याच्या वाऱ्याला टांगायची. उन्हात नाही, उन्हानं पट्टा आणि आतला थर दोन्ही लवकर म्हातारे होतात. महिन्यातून एकदा तिचे पडदे काढून, तळाची धूळ-वाळू व्हॅक्यूमनं ओढून घ्यायची. झटकायची नाही, कारण झटकलेली वाळू चेनच्या दातांत जाऊन बसते.